जुनी अमेरिकन दुनळी 'नवीकोरी' करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सिरॅक्यूजच्या बाहेर राहता, शेजारच्या आजी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची एल. सी. स्मिथ दुनळी तुम्हाला देतायत, नळ्या काळपट-तपकिरी झाल्यात, दस्त्याला लॉकप्लेटच्या (चाप-घोड्याची यंत्रणा बसवलेली बाजूची लोखंडी पट्टी) मागे बारीक चीर आहे, आणि एका दुकानवाल्याने सांगितलंय की पॉलिश, ब्लूइंग (लोखंडावर चढवायचा काळा-निळा थर) आणि लाकडाला चकचकीत फिनिश मारून नवीकोरी करून देतो. तर करून घ्यावी का, आणि असली बंदूक हाताने बनवणारी, दुरुस्त करणारी माणसं अजून उरलीत का.

करून घेऊ नका. मी मूळचा फिटर, पिंपरीला टूलरूममध्ये कानस चालवायला शिकलो, मग कनेक्टिकटला आलो आणि इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जुन्या अमेरिकन साईड-बाय-साईड दुनळ्यांचं काम शिकलो, आता बरीच वर्षं तेच करतोय. माझ्या टेबलावर ज्या बंदुका येतात त्यातल्या सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या बंदुका गंजलेल्या नसतात हो, कोणीतरी प्रेमाने बफ मारून चकचकीत केलेल्या असतात. गंज पुष्कळदा थांबवता येतो, घासून गेलेलं एन्ग्रेव्हिंग (कोरलेली नक्षी) परत येत नाही.

एक कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, न्यूयॉर्कमध्ये अगदी जवळच्या नात्याबाहेर बंदूक द्यायची-घ्यायची तर लायसनवाल्या डीलरकडून बॅकग्राउंड चेक करूनच ती नावावर होते, ते झालं नसेल तर पहिलं ते करा.

आता तुमच्याकडे येतंय काय ते बघू. ही बंदूक तुमच्याच भागातली आहे. लायमन कॉर्नेलियस स्मिथ सिरॅक्यूजचा, १८८० च्या दशकात तिथे बंदुका बनवायचा. त्याच्याकडे अलेक्झांडर ब्राऊन नावाचा अफाट डोक्याचा माणूस होता, त्याने नळी बंद करणारा तो फिरता बोल्ट काढला आणि त्याच माणसाने पुढे स्मिथ प्रीमियर टाइपरायटरही काढला! टाइपरायटर इतका चालला की स्मिथने बंदुकीचा धंदा १८८९ च्या सुमारास हंटर बंधूंना विकून टाकला, त्यांनी तो फुल्टनला नेला पण बंदुकीवरचं नाव एल. सी. स्मिथच ठेवलं. स्मिथ-कोरोना टाइपरायटरमधला स्मिथ तो हाच. तो फिरता बोल्ट उघडून बघाल तेव्हा कळेल, नळीच्या मागे जी पट्टी येते तिच्यातल्या खाचेत तो निमुळता बोल्ट फिरून बसतो आणि झिजला की जरा जास्त फिरतो, म्हणजे झीज आपोआप भरून काढतो. 'द गन दॅट नेव्हर शूट्स लूज' अशी ते जाहिरात करायचे, आणि मी शंभर वर्षं जुन्या स्मिथ बघितल्यात ज्यांच्या नळ्या अजून केसभर हलत नाहीत, त्यामुळे ती जाहिरात मला खोटी वाटत नाही.

आणि हा एकच कारखाना नव्हता. डॅन लेफेव्हर सिरॅक्यूजमध्येच, इथाका गन कंपनी इथाकाला फॉल क्रीकच्या काठावर, रेमिंग्टन इलियनला. इकडे कनेक्टिकटमध्ये मेरिडनला पार्कर ब्रदर्स, ते चार्ल्स पार्करचं घराणं, कॉफीच्या चक्क्या आणि व्हाइस बनवणारं, सिव्हिल वॉरमध्ये रायफली बनवल्या आणि युद्ध संपल्यावर १८६० च्या दशकातच शॉटगनकडे वळले, बंद होईपर्यंत सुमारे २,४२,००० बंदुका केल्या. फिलाडेल्फियात आन्स्ली फॉक्स, स्वतः नावाजलेला नेमबाज. म्हणजे ईशान्य अमेरिकेच्या एका पट्ट्यात ही सगळी कला होती, आणि कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात जायचे, त्यामुळे एकाच्या हातची नक्षी दोन कंपन्यांच्या बंदुकांवर दिसते. फॉक्सचं आणि पार्करचं काम करणारा विल्यम गॉफ हे त्याचं चांगलं उदाहरण.

हे सगळं का संपलं, तर दुनळी वाईट होती म्हणून नाही. विंचेस्टरची १८९७ ची पंप (पुढचा दस्ता मागे-पुढे ओढून काडतूस भरायची), १९१२ ची मॉडेल १२, ब्राऊनिंगची ऑटो-५, या बंदुकांत पाच-सहा काडतुसं मावायची आणि दोन नळ्या एकमेकींना जुळवून डाख देत बसायची गरजच नव्हती. दुनळीत माणसाच्या हाताचे तास फार जातात. १९२९ ची मंदी आली, सॅव्हेज या बंदूक कंपनीने फॉक्स घेतली आणि यूटिकाला नेली, रेमिंग्टनने १९३४ मध्ये पार्कर घेतली आणि पुढे इलियनला नेली, मग महायुद्ध, कारखाने सैन्याच्या कामाला लागले. स्मिथ १९४५ मध्ये मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली आणि १९४९ मध्ये फुल्टनच्या कारखान्याचा मजलाच जड मशिनांसकट कोसळला, त्यानंतर लवकरच काम थांबलं, १९६८ ते ७१ मध्ये मार्लिनने परत थोडं करून बघितलं तेवढंच. इलियनचा रेमिंग्टन कारखाना तर मार्च २०२४ मध्ये बंद झाला, दोनशे वर्षांची परंपरा असलेलं गाव. म्हणून म्हणतो, जिथे शिकता आलं असतं ते कारखानेच आता नाहीत, शिकायचं तर उरलेल्या बंदुकांकडून आणि त्या उघडून बसणाऱ्या मूठभर माणसांकडून.

इथेच खरा पेच आहे आणि त्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. इतिहास जपायचा तर बंदुकीला हात लावू नये. कला जपायची तर हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण रस्ट ब्लूइंग (गंज चढवून, उकळून नळी काळी करणं) किंवा दस्ता बसवणं हे कोणी वाचून शिकलेलं मी बघितलं नाही. मूळ फिनिशची बंदूक हा कागदपत्रासारखा पुरावा आहे, फुल्टनचा कारागीर कानस कुठल्या दिशेने मारायचा, चेकरिंगच्या (पकडीसाठी लाकडावर कोरलेल्या चौकटींच्या) कडा कशा सोडायचा, स्क्रूच्या खाचा किती बारीक होत्या, ते सगळं त्याच पृष्ठभागावर आहे. तो एकदा घासला की पुढच्या शिकणाऱ्याला बघायला काही राहत नाही. माझ्या गुरूंनी याचा एक साधा मार्ग ठेवला होता आणि मी तोच पाळतो: ज्या बंदुकीचं मूळ फिनिश थोडंफार तरी शिल्लक आहे तिला फक्त साफसफाई आणि जी दुरुस्ती नाही केली तर बंदूक आणखी बिघडेल तेवढीच; आणि जिचं सगळं आधीच घासून, कापून, रंगवून झालंय अशा साध्या ग्रेडच्या बंदुकीवर सगळी कला शिकायची आणि शिकवायची. तुमची बंदूक पहिल्या प्रकारातली वाटतेय.

त्या दुकानवाल्याचं ब्लूइंग का नको ते नीट सांगतो कारण हे सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. आजकालचं नेहमीचं हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावात लोखंड बुडवायचं, तापमान साधारण १४० सेल्सियसच्या आसपास. रायफलच्या एकट्या नळीला ते ठीक आहे. दुनळीच्या दोन नळ्यांच्या मध्ये वर-खाली ज्या पट्ट्या असतात त्या कथील-शिशाच्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात, आणि कॉस्टिक तो डाख खातं. शिवाय क्षार पट्टीखालच्या पोकळीत जाऊन बसतात, बाहेरून सुंदर काळं दिसतं आणि आतून गंज चालू होतो, एक दिवस पट्टी हातात येते. मग नळ्या सगळ्या सोडवून, साफ करून, कथिलाचा थर देऊन, तारेने बांधून, पाचरी मारून परत डाख द्यावा लागतो, आणि त्याचा खर्च साध्या स्मिथच्या किमतीहून जास्त होतो. दुनळीला चालतं ते फक्त रस्ट ब्लूइंग. नळी तेलाचा अंश न राहील इतकी स्वच्छ करायची, गंज आणणारं द्रावण अगदी पातळ लावायचं, दमट पेटीत टांगून ठेवायची, त्यावर मखमलीसारखा बारीक लाल गंज धरतो, मग स्वच्छ पाण्यात उकळायची, तो लाल गंज उकळत्या पाण्यात काळा होतो, मऊ तारेच्या ब्रशने सुटा भाग झाडायचा, आणि परत द्रावण, परत पेटी, परत उकळणं. सहा-आठ-दहा वेळा. बोटाचा तेलकट ठसा पडला तर मागे जायचं. शेवटी जो खोल, जरा मॅट काळा-निळा रंग येतो तो दुसऱ्या कशानेच येत नाही, मला अजूनही शेवटच्या उकळीनंतर नळी बाहेर काढताना तितकाच आनंद होतो.

तुमच्या नळ्या तपकिरी झाल्यात म्हणजे मूळ ब्लूइंग विरलंय आणि त्याच्या जागी स्थिर पटिना (जुनेपणाचा थर) आलाय. हलकं तेल आणि मऊ कापड, बस्स. कुठे लाल, सुटा गंज असेल तरच अगदी बारीक ब्रॉन्झ वूल तेलात भिजवून हलक्या हाताने. फ्रेमवर (नळ्या ज्यात बसतात तो लोखंडी सांगाडा) आणि लॉकप्लेटवर सांध्यांच्या आत, ट्रिगर गार्डच्या आडोशाला निळे-जांभळे-तपकिरी ढग दिसतायत का बघा, ते केस हार्डनिंगचे मूळ रंग. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या पेटीत ते भाग बंद करून तास न् तास ७०० अंश सेल्सियसच्या वर तापवायचे, कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात शिरतो, मग पेटीचा तळ उघडून सगळं एकदम पाण्यात. वरचं कवच कडक, आतला गाभा चिवट, आणि रंग हे त्या प्रक्रियेतून मिळालेलं देणं. प्रत्येक कारखान्याची कोळशाची मिश्रणं वेगळी होती म्हणून पार्करचे रंग स्मिथपेक्षा वेगळे दिसतात आणि जाणकार माणूस रंगावरूनच ओळखतो. ऊन आणि हाताचा घाम यांनी हे रंग जातात, ते गॅसच्या टॉर्चने किंवा केमिकलने परत 'आणणारे' लोक असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

दस्त्याची चीर ही मात्र खरी दुरुस्ती आहे आणि ती करून घ्या. स्मिथ ही साइडलॉक आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना लॉकची यंत्रणा बसवायला अक्रोडाचं लाकूड आतून बरंच कोरून काढलेलं असतं, उरलेल्या थोड्याशा लाकडावर प्रत्येक बाराचा धक्का येतो, आणि वर्षानुवर्षं मशीन ऑइल मुरून ते लाकूड मऊ पडलेलं असतं. मग लॉकप्लेटचं मागचं टोक पाचरीसारखं लाकडात घुसतं आणि तिथून चीर निघते. सगळ्या स्मिथचं हे दुखणं आहे, तुमच्या एकट्याचं नाही. चांगला माणूस आधी ॲसिटोन आणि खडूच्या पुडीने लाकडातलं तेल ओढून काढेल, त्याला दिवस लागतात, मग चिरेत पातळ ग्लू उतरवेल, आणि प्लेटच्या मागच्या टोकाला केसाएवढी जागा मोकळी करेल म्हणजे धक्का तिथे न येता दस्त्याच्या पुढच्या सपाट तोंडावर येईल. तो सपाट भाग फ्रेमला कुठे टेकतोय ते बघायला रॉकेलच्या दिव्याची काजळी फ्रेमवर धरतात, दस्ता बसवून काढतात, लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे पटाशीने नाममात्र तासतात, परत काजळी, परत बसवणं, सगळीकडे सारखं काळं उमटेपर्यंत. नळ्या फ्रेमला जुळवतानाही हीच पद्धत. फुल्टनला, मेरिडनला हेच करायचे, अजूनही याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आपल्याकडच्या आयटीआयमध्ये फिटरला महिनोन् महिने ठोकळा घासून गुण्यात बसवायला लावतात ना, ते ज्याने मनापासून केलंय त्याला हे काम लवकर येतं, हे मी पैजेवर सांगतो.

लाकडाला पॉलीयुरेथेन अजिबात नको. मूळ फिनिश मळलेलं असेल तर साफ करून जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात पुरतात. सॅंडपेपर नको कारण लाकूड लोखंडाच्या पातळीखाली गेलं की ते परत वर आणता येत नाही, कोणीही लांबून सांगतो की हिला घासलंय. आणि कपाटात ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरणार नाही. एवढ्या एका सवयीने कितीतरी दस्ते वाचले असते.

बार काढायची इच्छा असेल तर आधी नळीच्या भिंतीची जाडी आणि चेंबरची (नळीत काडतूस बसतं ती जागा) लांबी मोजून घ्या. जुन्या १२ बोरमध्ये चेंबर २ ५/८ इंचाचंही सापडतं, १६ बोरमध्ये २ ९/१६, आणि आजचं काडतूस २ ३/४ इंचाचं, ते आत बसतं पण उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. चेंबर वाढवून घेऊ नका, छोटी कमी दाबाची काडतुसं मिळतात ती वापरा. स्टीलचे छर्रे या नळ्यांत कधीच नाही.

आता नोंदीचं. नळीवर, फ्रेमवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एकच सीरियल नंबर आहे का बघा, तो जुळला की तिन्ही भाग जन्मापासून एकत्र आहेत. वायोमिंगमधल्या कोडीला बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टकडे एल. सी. स्मिथच्या कारखान्याच्या नोंदी आहेत, नंबर दिला की फी घेऊन ते पत्र देतात, ग्रेड, नळीची लांबी वगैरे आणि बंदूक कधी बाहेर पडली ते. पार्करसाठी तसंच पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशनकडून पत्र मिळतं, तिथल्या काही वर्षांच्या वह्या हरवल्यात पण उरलेल्या आहेत त्यात ऑर्डर देणाऱ्याने दस्ता किती वाकडा मागितला इथपर्यंत सापडतं. ही कागदं सांभाळणारी माणसं म्हणजे स्वयंसेवक असतात बहुतेक, त्यांची वर्गणी भरा. पण पत्रात कारखान्यापर्यंतचीच गोष्ट असते. आजींना विचारा की ही कुणी घेतली, कुठे, कशाच्या शिकारीला न्यायचे, आणि ते तारीख घालून लिहून बंदुकीबरोबर ठेवा, सही घ्या त्यांची.

हे किती महत्त्वाचं आहे ते 'बो-हूप' नावाच्या फॉक्सवरून कळतं. नॅश बकिंगहॅम हा टेनेसीचा नावाजलेला बदकांचा शिकारी आणि लेखक, त्याच्यासाठी फिलाडेल्फियाच्या बर्ट बेकरने एक वजनदार सुपर फॉक्स (फॉक्सचंच बदकांच्या शिकारीचं मॉडेल) खास बोअर करून बनवली होती. १९४८ च्या डिसेंबरमध्ये आर्कान्सासात क्लॅरेंडनजवळ गेम वॉर्डनने तपासणीसाठी गाडी थांबवली, बंदूक गाडीच्या फेंडरवर ठेवली गेली आणि तशीच गाडी निघाली. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ तिचा पत्ता नाही. मग साउथ कॅरोलिनातल्या एका गनस्मिथकडे कोणीतरी दस्ता मोडलेली जुनी फॉक्स दुरुस्तीला आणली आणि त्याने नळीवरचं बेकरचं आणि बकिंगहॅमचं नाव वाचलं. २०१० मध्ये लिलावात २,०१,२५० डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने ती डक्स अनलिमिटेड या बदकांच्या पाणथळ जागा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. आता विचार करा, मधल्या साठ वर्षांत कोणी ती नळी बफवर धरली असती तर? नावाचा ठसा गेला असता आणि ती दस्ता मोडलेली एक बेनाम दुनळी राहिली असती. त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्टने १९०९ मध्ये आफ्रिकेला नेलेली फॉक्स ८,६२,५०० डॉलरला गेली, पण मला बो-हूपचीच गोष्ट जास्त लागते, कारण ती वाचली एका कारागिराच्या नजरेमुळे.

शिकण्याबद्दल. कोलोरॅडोत ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजला १९४७ पासून गनस्मिथिंग शिकवतात, पिट्सबर्गला पेनसिल्व्हेनिया गनस्मिथ स्कूल आहे, एन्ग्रेव्हिंगसाठी कॅन्ससच्या एम्पोरियात जीआरएस या एन्ग्रेव्हिंगची अवजारं बनवणाऱ्या कंपनीचे छोटे कोर्स असतात. तिथे हवेवर चालणाऱ्या अवजाराने शिकवतात, माझं मत विचाराल तर आधी छोटी हातोडी आणि छिन्नीच हातात घ्या, जुनी नक्षी दुरुस्त करायची तर जुन्या माणसाच्या हाताची चाल कळायला हवी. न्यू ब्रिटनच्या कनेक्टिकट शॉटगन कंपनीने फॉक्स आणि विंचेस्टर मॉडेल २१ या दुनळ्या नव्याने बनवून दाखवल्यात, म्हणजे अमेरिकेत हे काम होऊ शकतं. पण नवीन बनवणारे आणि जुनं वाचवणारे यांच्यात फरक आहे, दुसऱ्या कामाला पैसा कमी आणि वेळ जास्त, त्यामुळे तरुण मुलं टिकत नाहीत, हे दुखणं मला रोज दिसतं.

तुम्हाला स्वतःला हात घालायची हौस असेल, प्रश्नावरून तसं वाटलं, तर या बंदुकीवर नको. हंटर कंपनीचीच 'फुल्टन' नावाची स्वस्त बॉक्सलॉक (यंत्रणा फ्रेमच्या आतच असलेली) किंवा फॉक्सची स्टर्लिंगवर्थ, आधीच कोणीतरी बिघडवलेली, कमी पैशात मिळते, कायदेशीर मार्गाने घ्या. पहिलं काम स्क्रू ड्रायव्हर. बाजारचा लावलात तर पातळ खाच फाटणारच, म्हणून प्रत्येक खाचेच्या मापाने पातं घासून बनवायचं, बाजू समांतर, खाचेच्या तळापर्यंत घट्ट बसणारं. ते नीट जमलं आणि एकही खाच न दुखवता अख्खी बंदूक सोडवून परत जोडता आली की मला लिहा, मग दस्त्याची काजळी कशी धरायची ते फोटो टाकून सांगतो.